विहिरीतला फुटबॉल

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं मॅडमनी सांगितलं तेव्हा मी आधी पळच काढला होता. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेच्या आवारात मराठीत बोललं की पाच रुपये दंड. आजही कोणी 'एकोणसाठ' म्हटलं की तो फिफ्टी-नाइन की सिक्स्टी-नाइन, हे मी मनातल्या मनात पडताळून बघते. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका झाल्या तर सांभाळून घ्या. पण ही गोष्ट मला इंग्लिशमध्ये सांगताच येणार नाही. ज्यांची ती आहे त्यांना इंग्लिश येत नाही, आणि छापून आल्यावर मी सर्वांत आधी त्यांनाच वाचून दाखवणार आहे.

विषय तसा साधा आहे. फिशटँक. अजून नेमकं सांगायचं तर, लाईट गेल्यावर फिशटँकचं पाणी उलटं कसं येतं आणि ते कसं थांबवायचं. मेकॅनिकलची मुलगी याहून वेगळं काय लिहिणार म्हणा!

पण सुरुवात विहिरीपासून करावी लागेल.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात. मी सात वर्षांची असेन. मे महिन्याच्या सुट्टीत आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या मागे मागे मळ्यात गेले होते. मोटार घरघरत होती, पण पाइपातून पाण्याचा थेंब येत नव्हता. आबा विहिरीत डोकावले आणि गड्याला ओरडून म्हणाले, "आरं, फुटबॉलात काडी अडकलीया!" मी विहिरीच्या काठावर पालथी पडून खाली बघत बसले. फुटबॉल काही दिसेना. पुण्याला परत आल्यावर मी वर्गात सांगितलं की आमच्या विहिरीत एक फुटबॉल आहे आणि तो पाणी वर ढकलतो. सगळे हसले. मला मात्र बरीच वर्षं ते खरंच वाटायचं.

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी पंपांचा धडा आला तेव्हा कुठे उलगडा झाला. तो फूट व्हॉल्व्ह! मोटारीचा जो पाइप विहिरीत सोडलेला असतो त्याच्या तळाशी जाळी असते आणि जाळीच्या आत एक झडप. पाणी वर जाताना झडप उघडते, मोटार बंद झाली की मिटते. त्यामुळे पाइप भरलेला राहतो आणि पुढच्या वेळी मोटार लगेच पाणी ओढते. झडपेत काडी अडकली की पाइपातलं पाणी हळूहळू विहिरीत उतरतं आणि पाइपात हवा शिरते. मग मोटार कितीही फिरली तरी पाणी येत नाही. गावाकडे म्हणतात, "मोटारीनं हवा धरली." अशा वेळी आबा वरून घागरीनं पाणी ओतायचे, कधी त्यात शेण कालवायचे, म्हणजे झडपेच्या फटी बुजतात. आमच्या पुस्तकात याला प्रायमिंग म्हणतात. शेणाचा उल्लेख मात्र पुस्तकात नाही.

आता पुण्याकडे येऊ.

आजी गेली आणि आबा आमच्याकडे राहायला आले. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. सकाळी सगळे घराबाहेर पडले की आबा संध्याकाळपर्यंत एकटे. मळ्यात सत्तर वर्षं काढलेला माणूस गॅलरीतल्या दोन कुंड्यांना किती वेळ पाणी घालणार? शेवटी पप्पांनी एक मोठा फिशटँक आणला, चार फुटी. त्यात दोन ऑस्कर मासे. हा मासा दिसायला फार सुंदर नसतो, पण माणूस ओळखतो. आबा खुर्ची ओढून बसले की दोघेही पुढच्या काचेला येऊन चिकटायचे. आबांनी त्यांची नावं ठेवली, सरपंच आणि ग्रामसेवक. "दोगंबी नुसतं खात्यात," असं त्याचं कारण. आबांचा दिवस त्या काचेसमोर जायला लागला. खूप महिन्यांनी ते आमच्याशी जेवताना आपणहून बोलायला लागले, आणि बोलायचे ते सरपंचाबद्दल.

ऑस्कर खातात खूप आणि घाणही तेवढीच करतात. साधा फिल्टर पुरेना. तेव्हा मी जाहीर केलं की सम्प मी बनवणार. जानेवारी 2024. माझ्या आयुष्यातलं पहिलं डिझाइन!

सम्प म्हणजे टँकच्या खाली, स्टँडच्या कपाटात ठेवलेली छोटी टाकी. वरच्या टँकचं पाणी काठाजवळच्या खाचेतून ओसंडून पाइपानं खाली येतं, सम्पमधल्या स्पंजातून गाळलं जातं, आणि मग पंप ते दुसऱ्या पाइपानं पुन्हा वर चढवतो. खाली येणारं पाणी स्वतःच्या वजनानं येतं, वर जाणारं विजेच्या जोरावर जातं. हा वर जाणारा पाइप म्हणजे रिटर्न पाइप. या लेखातला गुन्हेगार तोच आहे. निदान मी बरेच दिवस तसं म्हणत होते.

सुरुवातीला रिटर्नचं तोंड पाण्याच्या वर होतं. पाणी धबाधबा पडायचं. आबा हॉलमध्ये टँकशेजारीच झोपतात. मम्मी म्हणाली, रात्रभर कुणी नळ उघडा ठेवल्यासारखं वाटतं. मग मी एक एल्बो लावला, पाइपाचा तुकडा जोडला आणि तोंड पाण्याखाली 15 सेंटीमीटर नेलं. आवाज बंद! आबा म्हणाले, "आता कसं, विहिरीगत गप हाय." मला कोण आनंद झाला.

लाईट गेल्यावर पाणी उलटं येऊ शकतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. म्हणून तर मी रिटर्न पाइपात हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला होता. पाणी एकाच दिशेला जाऊ देणारी झडप. बसवल्यावर पंप बंद करून टेस्टही घेतली. सम्पची पातळी जेमतेम दोन बोटं वाढली आणि थांबली. मी कॉलर टाइट केली. पंपाच्या भिंतीवरच्या बटणावर कागद चिकटवला : 'बंद करू नये.' विषय संपला.

मे 2024. आमची सबमिशन्स चालू होती. दुपारी वळवाचा पाऊस आला, सुसाट वारा सुटला आणि आमच्या भागातली लाईट गेली. मी कॉलेजमध्ये जर्नलवर सह्या घेत फिरत होते. पाचच्या सुमारास घरी आले तर दार उघडं. दारात खालच्या मजल्यावरच्या काकू उभ्या. हॉलभर पाणी. आणि आबा धोतर खोचून जमिनीवर बसलेले, स्वतःचं अंथरूण पाण्यात टाकून ते बादलीत पिळत होते. काकूंच्या हॉलमध्ये पंख्याच्या हुकातून पाणी ठिबकत होतं. आबा एकसारखे म्हणत होते, "व्हतंय व्हतंय, आवरतो."

माझ्यापाठोपाठ मम्मी आली. तिनं आबांच्या हातातून अंथरूण घेतलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "आबा, तुम्ही कशाला हात लावला होता का?"

आबा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लाईट गेली तवा म्या पंख्याची, दिव्याची बटनं बंद केली. त्यातच कायतरी चुकलं आसंल माज्याच्यानं."

मी टँककडे बघितलं. पाण्याची पातळी खाली गेली होती आणि पट्टीनं आखल्यासारखी बरोबर रिटर्न पाइपाच्या तोंडाशी थांबली होती. बरोबर 15 सेंटीमीटर खाली. मला त्याच क्षणी सगळं कळलं. आबांच्या बटणांचा काही संबंध नव्हता.

मी काही बोलले नाही.

एवढंच लिहायला मला हा लेख लिहायचा होता, असंही म्हणता येईल. मी बोलले नाही. आधी वाटलं, नक्की बघून मग सांगू. मग वाटलं, पप्पा येऊ देत. पप्पा आले. शेजारी लाईट आली होती, आमच्याकडे नव्हती. पप्पांनी मेन बोर्ड बघितला तर ईएलसीबी पडलेला. टँकच्या स्टँडखाली, जमिनीवर मी ठेवलेला एक्स्टेंशन बोर्ड. पप्पांनी तो भिंतीच्या पिनेतून काढला आणि उचलला, तर आतून पाण्याची धार लागली. लाईट आली तेव्हा आबा याच पाण्यात अनवाणी उभे होते. ईएलसीबी वेळेवर पडला नसता तर काय झालं असतं, ते पप्पांनी बोलून दाखवलं नाही. मीही नाही. रात्री मला जेवण गेलं नाही.

सगळे झोपल्यावर मी तो नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह खोलला. झडपेच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढी एक गोगलगाय अडकली होती आणि तिच्याभोवती फिल्टरच्या कापसाचे धागे गुंडाळलेले. झडप पूर्ण मिटतच नव्हती. फेब्रुवारीत कधीतरी मी टँकमध्ये एक पाणवनस्पती आणून लावली होती, तिच्याबरोबर गोगलगायी आल्या असणार. मी ती गोगलगाय कंपासपेटीत ठेवली. मग वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं.

टँकची लांबी 120 सेंटीमीटर, रुंदी 45. म्हणजे पातळी एक सेंटीमीटर उतरली की 5.4 लिटर पाणी. पंधरा सेंटीमीटर उतरली, म्हणजे 81 लिटर. सम्प 75 बाय 35 चा, त्यात वर रिकामी जागा 13 सेंटीमीटर, म्हणजे साधारण 34 लिटर. एक्क्याऐंशी वजा चौतीस, सत्तेचाळीस. 47 लिटर पाणी हॉलमध्ये, जवळजवळ तीन बादल्या. हे गणित पाचवीतली मुलगी करू शकते. मी ते जानेवारीत केलंच नव्हतं, कारण झडप होती ना!

दुसऱ्या दिवशी फ्लुइड मेकॅनिक्सची ओरल. एक्स्टर्नल सरांनी नेमकं विचारलं, "व्हॉट इज अ सायफन?" मी धडाधड उत्तर दिलं. पाण्यानं भरलेला पाइप, एक तोंड वरच्या पातळीत, दुसरं खाली. पंप बंद पडला की वरच्या टँकच्या पाण्यावर हवेचा दाब असतोच, तो पाणी पाइपात ढकलतो, आणि सम्पकडे उतरणारा पाण्याचा लांब स्तंभ ते खाली खेचून नेतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण 10.3 मीटर उंचीचं पाणी पेलतो, त्यापुढे टँकच्या काठाची उंची म्हणजे काहीच नाही. बंद पडलेला सेंट्रिफ्यूगल पंप पाण्याला अडवत नाही, त्याच्या पंख्यातून ते उलटं निघून जातं. दोन पातळ्यांत 90 सेंटीमीटरचा फरक असेल तर आदर्श वेग सेकंदाला सव्वाचार मीटरच्या आसपास. घर्षण आणि पंपाचा अडथळा धरून तो बराच कमी झाला तरी 81 लिटर दोन-तीन मिनिटांत खाली. आणि हे कधी थांबतं? वरचं तोंड उघडं पडून पाइपात हवा शिरली की. सर म्हणाले, "व्हेरी गुड." मला रडू येत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आबा पिशवी भरत होते. दोन धोतरं, एक सदरा, तंबाखूची डबी. मम्मी विचारत होती, "असं अचानक काय आबा?" ते म्हणाले, "चार दिस गावाकडं जाऊन येतो. हितं तुमच्या वस्तू मला उमगत न्हाईत. उगं नुसकान व्हतं." खुर्ची टँकसमोरून उचलून त्यांनी भिंतीला लावली होती. सरपंच काचेला तोंड लावून उभा होता.

मी खोलीत गेले, कंपासपेटी आणली आणि गोगलगाय त्यांच्या तळहातावर ठेवली. म्हटलं, "आबा, तुमचं काही चुकलेलं नाही. चूक माझी आहे. पाइपात मी एक झडप बसवली होती, तिच्यात ही अडकली. पातळी बघूनच मला त्या दिवशी कळलं होतं. मी सांगितलं नाही."

मला वाटलं ते रागावतील. निदान दुखावतील तरी. त्यांनी चष्मा वर करून गोगलगाय नीट बघितली, बोटानं उलटी केली, आणि त्यांना हसू फुटलं.

"म्हंजी फुटबॉलच की गं!"

हसून हसून त्यांना ठसका लागला. पाणी प्यायल्यावर शांत झाले आणि म्हणाले, "आगं बाळ, फुटबॉलावर कवा इस्वास ठेवत्यात व्हय? वर्सातनं दोनदा काडून धुवायला लागतो. आन् धुतला तरी तो आपल्याला न सांगता फसतो." मग जरा थांबून, "दोन दिस कशाला बसलीस गप?" एवढंच. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजूनही नाही.

पिशवी त्यांनी रिकामी केली. खुर्ची पुन्हा टँकसमोर आली. आणि मग आम्ही दोघांनी डिझाइनला हात घातला.

आबांनी कपाटातून आजीचा पितळी पेला काढायला लावला. वसुदेवाचा पेला. तुमच्यापैकी काहींच्या घरी असेल. पेल्याच्या मधोमध बाळकृष्णाला घेतलेला वसुदेव असतो. पाणी ओतत गेलं की यमुना चढत जाते, आणि कृष्णाच्या पायाला लागली की पेल्यातलं सगळं पाणी बुडातून आपोआप निघून जातं. लहानपणी मला तो चमत्कार वाटायचा. आत लपवलेली वाकडी नळी आहे, बाकी काही नाही. आबांनी बेसिनवर धरून तो भरला. यमुना पायाला लागली आणि ओसरायला लागली. "बग, येकदा सुरू झालं की अर्द्यात थांबत न्हाई. पार तळ गाठल्याबिगर सोडत न्हाई. आन् थांबतं कवा? हवा घेतल्यावर." मग टँककडे बोट दाखवून म्हणाले, "विहिरीवर हवा आपली दुस्मन. हितं तीच कामाला लाव. पाइपाला भोक पाड."

पाइपाला भोक! एवढी महागाची फिटिंग्ज आणल्यावर आबांचा उपाय काय, तर भोक. पण विचार केला तर तेच बरोबर होतं. रिटर्न पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जेमतेम एक सेंटीमीटर खाली भोक असलं, तर पंप चालू असताना ते बुडालेलं राहतं. पाणी उलटं यायला लागून पातळी एक सेंटीमीटर उतरली की भोक उघडं पडतं, हवा आत शिरते आणि सायफन तुटतो. त्यात फिरणारा, मिटणारा, गंजणारा काही भागच नाही.

पहिल्यांदा मी 3 मिलिमीटरचं एकच भोक पाडलं. पंप बंद केला. भोकातून सुरसुर आवाज आला, बुडबुडे पाण्याबरोबर वाहत गेले, पण सायफन काही तुटेना. पातळी चार-पाच सेंटीमीटर उतरली. पाइप मोठा, वेग जास्त आणि भोक लहान. मग 6 मिलिमीटरची दोन भोकं पाडली, पाइपाच्या दोन बाजूंना. पुन्हा पंप बंद. 'गुडूप' असा एकच आवाज आला आणि पाणी थांबलं. पातळी दोन सेंटीमीटरच्या आतच राहिली. आबांनी टाळी वाजवली.

पण मी आता शहाणी झाले होते. भोकं शेवाळानं बुजू शकतात, गोगलगाय तिथेही जाऊन बसू शकते. म्हणून एल्बोपुढचा लांब तुकडाच कापून टाकला आणि रिटर्नचं तोंड पाण्याखाली फक्त 3 सेंटीमीटरवर आणलं. तोंड बुडालेलं असल्यामुळे आवाज होत नाही. म्हणजे 15 सेंटीमीटर खाली नेण्याची गरज मुळात नव्हतीच! आता भोकं बुजली तरी जास्तीत जास्त तीन सेंटीमीटर पाणी येणार. तीन गुणिले 5.4, म्हणजे 16 लिटरच्या आसपास, आणि सम्पमध्ये जागा 34 लिटरची. सगळं फसलं तरी पाणी सम्पमध्येच मावतं. झडप काढून टाकली. तिच्यामुळे पंपावर येणारा भारही गेला.

घरी कुणाचा असा टँक असेल तर त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगते. टँक भरा, पंप मुद्दाम बंद करा, वरचं सगळं उतरायचं ते उतरू द्या. मग सम्प काठापासून चार बोटं मोकळी राहील इतपतच भरा. पंप सुरू केल्यावर सम्पची पातळी खाली जाऊन जिथे स्थिर होईल तिथे खूण करा. त्या खुणेच्या वर पुन्हा कधीही पाणी घालायचं नाही. आमच्या सम्पवरची खूण आबांनी बैलांची शिंगं रंगवायच्या लाल हिंगुळानं केली आहे. दुसरी गोष्ट, एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नका. तो पाण्याच्या वर, भिंतीला लावा, आणि वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोळ येईल अशी सोडा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी बोर्डात न जाता झोळाशी ठिबकतं. घरात ईएलसीबी आहे का, तेही बघून घ्या.

हे प्रकरण फक्त माशांचं नाही, हे मला नंतर वाचताना कळलं. आपण नळाला पाइप लावतो आणि त्याचं टोक साबणाच्या बादलीत बुडवून ठेवतो. पाणी जायची वेळ झाली, लाइनमधला दाब उतरला की तोच पाइप बादलीतलं घाण पाणी उलटं ओढून पिण्याच्या लाइनमध्ये नेऊ शकतो. 1933 साली अमेरिकेत शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा दोन हॉटेलांतल्या सदोष नळजोडण्यांमुळे मैल्याचं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं. अमीबाची हगवण पसरून शंभराच्या आसपास माणसं दगावली. त्यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय झडप नाही. नळाचं तोंड आणि भांड्याचा काठ यांच्यात मोकळी जागा सोडायची, निदान नळाच्या व्यासाच्या दुप्पट. मध्ये नुसती हवा. आजी नळाखालच्या बादलीतला पाइप दिसला की उचलून वर टांगायची आणि ओरडायची. का, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

आमच्या सिलॅबसमध्ये पंप चालू असतानाची गणितं खूप आहेत. पंप बंद पडला तर काय, हा प्रश्न पेपरात येत नाही. मी माझं पहिलं डिझाइन लाईट असेल असं धरूनच केलं, आणि आमच्या गावात लाईट धरून कुणीच काही करत नाही. आबा आयुष्यभर आधी विचार करत आले, बंद पडलं तर काय. त्यांना ते कुणी शिकवलं नव्हतं.

खालच्या काकूंकडे मी स्वतः गेले आणि चूक माझी होती हे सांगितलं. त्यांच्या छताचा रंग माझ्या वाढदिवसाच्या पैशांतून झाला. काकू म्हणाल्या, "अगं, आजोबा त्या दिवशी संध्याकाळीच येऊन माफी मागून गेले होते." हे मला माहीत नव्हतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस जिना उतरून, जी चूक त्यांनी केलीच नाही तिची माफी मागून आला, आणि मी वरच्या मजल्यावर कंपासपेटी घेऊन बसले होते. पाणी उताराकडे जातं, हे मला शिकवलं होतं. दोषही घरातल्या सगळ्यांत गरीब माणसाकडेच जातो, हे मी त्या जिन्यात उभी राहून शिकले. पाणी थांबवायला भोक पाडता येतं. दोष थांबवायला कुणीतरी वेळेवर तोंड उघडावं लागतं.

आता 'बंद करू नये' हा कागद बटणावर नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आबा जुन्या टूथब्रशनं ती दोन भोकं घासतात. मग हाक मारतात, "चल गं, लाईट घालीवतो!" आणि पंपाचं बटण बंद करतात. आम्ही दोघं स्टँडचं दार उघडून खाली बसतो. पाणी चढतं, चढतं, 'गुडूप' होतं, आणि लाल रेघेच्या थोडं वर येऊन थांबतं. दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो. दर वेळी आबा म्हणतात, "फुटबॉल न्हाई, कशाला भितीस?"

वर सरपंच आणि ग्रामसेवक काचेला तोंड लावून बघत असतात. लाईट गेली काय, आली काय, त्यांना फक्त खाण्याशी मतलब.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी